पूर्ण वाक्यात बोला

"काल? काल तर मी रजेवर होते," असं म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी ओले हात झटकले, आरशात बघून केस मागे सारले आणि त्या निघून गेल्या. बेसिनपाशी थोरली एकटीच उरली. तिने विचारलं होतं ते निव्वळ कौतुकाच्या आशेने. पन्नाशीला आलेल्या बाईने असं कौतुक मागत फिरू नये हे तिला कळत होतं, पण सकाळपासून जीभ वळवळत होती. "मॅडम, कालचा माझा टेस्ट कॉल कसा झाला?" एवढंच तिने विचारलं होतं. नळ चालूच राहिला. पाणी मनगटावरून कोपराकडे गेलं, बाही भिजली, तेव्हा कुठे तिने तो बंद केला. मॅडम विसरल्या असतील, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण मॅडम विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि रजा कुणी विसरतं का? मग काल दुपारी फोनवर होती ती बाई कोण? तिने बेसिनची कड धरली आणि कुणी आत आलं तर काय सांगायचं, याचा विचार करत तशीच उभी राहिली.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्यावर तिघी जणी बसत. तिघींची नावं पगाराच्या कागदावर असतील तेवढीच. एरवी साऱ्या इस्पितळाला त्या थोरली, मधली आणि धाकटी. थोरली या खोलीत आली तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती, आता ती कॉलेजात जात होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर थोरलीच्या कानांवर चाललं होतं. आणि कान होतेच तसे तिखट. 'हॅलो' म्हणायच्या आधी माणूस श्वास कसा घेतो, त्यावरून ती ओळखायची की याला डॉक्टर हवाय, बिलाचं विचारायचंय, की नुसतंच कुणाशी तरी बोलायचंय. "बोला ना, ऐकतेय मी," एवढं ती म्हणाली की पलीकडचा माणूस निम्मा बरा व्हायचा, असं धाकटी चेष्टेने म्हणत असे. मग इस्पितळाला नवे मालक आले. फरशा बदलल्या, पडदे बदलले, आणि एक दिवस बोर्डावर चिठ्ठी लागली की यापुढे इथून इंग्रजीत बोलायचं, तेही पूर्ण वाक्यात. थोरलीने ती चिठ्ठी वाचली आणि तिची पाचावर धारण बसली.

शिकवायला मॅडम आल्या. बोर्ड, चौकशी, बिलाची खिडकी, सगळ्यांचा मिळून एकच वर्ग. मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, हसतमुख, कुणालाही न दुखावणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिल्यात कोण, दुसऱ्यात काय करतो, तिसऱ्यात कशाला किंवा कुणाला. "इतकं सोपं आहे," त्या म्हणाल्या, "माणूस आधी बसवायचा, त्याच्या मागोमाग लगेच क्रियापद, मग बाकीचा संसार." सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, पण तिला त्या दुसऱ्या चौकोनाची भीती बसली ती बसलीच. आपल्या बोलण्यात क्रियापद शेवटी येतं. माणूस बोलता बोलता विचार करतो, समोरच्याचा चेहरा बघतो, आणि वाटलं तर शेवटच्या क्षणी 'आहे'चं 'नाही' करतो. इथे ती सोय नव्हती. तोंड उघडायच्या आधीच सगळं ठरलेलं पाहिजे. तिला तिच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर आठवले. ते प्रश्न विचारून डस्टर हातात घ्यायचे आणि उत्तर येईपर्यंत तो बाकावर हळूहळू आपटत राहायचे. मारत कधीच नसत. पण त्या आवाजाने डोक्यातले सगळे शब्द उडून जात आणि उरलेला तास ती उभी असे. मोठेपणी संसार झाला, मूल झालं, सासूबाईंचं आजारपण निभावलं, तरी 'इज' आणि 'आर' समोर आले की पाठीमागे कुणीतरी डस्टर आपटतंय असं तिला वाटे. मुलगी भाजी निवडता निवडता तिची तयारी करून घ्यायची. "आई, 'आय' आलं की 'ॲम' येणारच. नवरा-बायकोच समज." त्यावर पेपरामागून नवरा म्हणायचा, "मग भांडत कसे नाहीत?" हसायचे सगळे. तीही हसत हसत उठायची आणि ओट्यापाशी जाऊन पुटपुटायची. आय ॲम कनेक्टिंग यू. आय ॲम कनेक्टिंग यू. हळूहळू तिने एक युक्ती शोधली. फोन उचलायच्या आधी, घंटा वाजत असतानाच, वाक्य अख्खं जुळवून ठेवायचं. मग ते एका दमात बाहेर काढायचं, मागे वळून न बघता. त्यामुळे लोकांना घंटा जरा जास्त वेळ ऐकू यायची, पण वाक्य बिनचूक यायचं.

खरी तारांबळ उडाली ती टेस्ट कॉलमुळे. मॅडम स्वतः वरच्या मजल्यावरून किंवा बाहेरून फोन करायच्या. आवाज बदलून कधी भांडायच्या, कधी रडायच्या. शेवटी खुदकन हसून म्हणायच्या, "टेस्ट होती हं." मार्क वरच्या ऑफिसात जायचे आणि बोर्डावर कोण राहणार ते त्यावरून ठरायचं. मधलीला असाच एक रडका फोन आला. तिचा जीव मऊ. ती दुसऱ्याच वाक्याला मराठीत शिरली, "अगं रडू नको, बाळ, काय झालं सांग मला." टेस्ट होती. मधली आता तळघरात चादरी मोजते. तिच्या जाण्याआधीच्या तासाला मॅडमनी समजावून सांगितलं होतं. खरा पेशंट मराठीत बोलला तर खुशाल मराठीत बोला, कोण नको म्हणतंय? पण टेस्ट असेल तर समोरचा कितीही रडला, ओरडला, मराठीत घुसला, तरी आपण इंग्रजी सोडायचं नाही, तेच तर बघायचं असतं. तेव्हा मधलीने विचारलं होतं, "पण मॅडम, खरा कोणता ते ओळखायचं कसं?" वर्ग खो-खो हसला होता. थोरलीला आता आठवलं, की त्या हसण्यात तिचाही आवाज होता.

आणि काल दुपारी, धाकटी जेवायला गेलेली असताना, घंटा वाजली. थोरलीने वाक्य जुळवलं आणि फोन उचलला. "गुड आफ्टरनून. हाउ मे आय हेल्प यू?" पलीकडून एका बाईचा आवाज आला, थोडा चढलेला, पण शब्द सुटे सुटे. "माय मदर इज नॉट ब्रीदिंग प्रॉपर्ली. प्लीज सेंड ॲन ॲम्ब्युलन्स." थोरलीच्या मनात लख्ख उजेड पडला. कुणाची आई धड श्वास घेत नसेल तर तो माणूस असा बोलतो? आधी आई, मग क्रियापद, मग बाकीचा संसार? घाबरलेली माणसं तिने आयुष्यभर ऐकली होती. ती अर्धवट बोलतात, नुसती हाका मारतात, पत्ता आधी सांगतात. हे वाक्य थेट फळ्यावरून आलं होतं. मॅडमच, दुसरं कोण! तिने पाठ ताठ केली. "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न. मे आय नो युअर नेम, प्लीज?" बाईने नाव सांगितलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, पण आता ते मध्ये मोडलं. तिला शब्द मिळेनात. "शी इज... शी इज..." रडणं बरं जमलंय, थोरलीला वाटलं. मग बाई मराठीत आली. "अहो ताई, आईला श्वास घेता येत नाहीये हो, तिचे ओठ निळे पडलेत, गाडी पाठवा ना!" आला सापळा, थोरलीने मनात म्हटलं. इथेच मधली फसली. पण थोरलीची जीभ, काय नवल, घसरली नाही. "मे आय हॅव युअर ॲड्रेस, प्लीज?" "पाण्याच्या टाकीमागे, ताई, तिसरी बिल्डिंग, खाली औषधाचं दुकान आहे." "कुड यू प्लीज स्पेल दॅट?" इतकी अवघड वाक्यं तिच्या तोंडून अशी ओळीने कधी निघाली नव्हती. पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. लांबून कुणीतरी काहीतरी ओरडलं. टेस्ट कॉल गाडीच्या खोलीला जोडायचा नसतो, म्हणून ती मॅडमच्या हसण्याची वाट बघत थांबली. "प्लीज होल्ड द लाइन," असंही तिने म्हणून टाकलं. पलीकडून फोन बंद झाला. हसणं मॅडमनी वर्गासाठी राखून ठेवलं असेल, असं तिला वाटलं. थोरली घोटभर पाणी प्यायली आणि तिला चक्क आनंद झाला. संध्याकाळी तिने मुलीला सगळा फोन साभिनय करून दाखवला, त्या बाईच्या रडण्यासकट. मुलगी म्हणाली, "आई, तू तर फाडफाड बोलायला लागलीस!"

बेसिनपासून थोरली बोर्डापाशी परत येऊन बसली तेव्हा धाकटी म्हणाली, "बाही कशाने भिजली गं?" थोरलीने बाही वर दुमडली. घंटा वाजत होत्या, ती फोन घेत होती, जोडून देत होती. तोंड आपलं आपण चाललं होतं आणि आत भलतंच काहीतरी सुरू होतं. मॅडम नसतील, पण वरच्या ऑफिसातून कुणी केला असेल. असेलही. केला असेलच. हा धागा तिने घट्ट पकडला. पण कान ऐकेनात. कालचा तो आवाज ते पुन्हा पुन्हा पुढे आणत, आणि आज त्यात तिला सगळं ऐकू येत होतं. चपला घालताना होतो तसा पायांचा आवाज. खाट सरकवल्याचा आवाज. आणि नाव सांगायच्या आधी बाईने घेतलेला तो श्वास. वीस काय, दोनच वर्षं बोर्डावर काढली असती तरी तो श्वास तिला चुकीचा कळला नसता, फक्त काल तिने श्वास ऐकलाच नव्हता, वाक्य ऐकलं होतं. मग तिला एक गोष्ट सुचली आणि तिचं धाबं दणाणलं. ती बाईही थोरलीसारखीच असणार. मोठं इस्पितळ, तिथे इंग्रजीतच बोलत असतील, नाहीतर फोन ठेवून देतील, असं तिला वाटलं असेल. म्हणून तिने फोन लावायच्या आधी, हातात फोन धरून, आईच्या उशाशी उभं राहून ते वाक्य अख्खं जुळवलं असेल. माय मदर. इज. नॉट. कुणाला तरी विचारलं असेल, ब्रीदिंगच्या आधी काय येतं. आणि आई तिच्याकडे बघत असेल. थोरलीने डोळे मिटून घेतले. "बरं वाटत नाही का?" धाकटीने विचारलं. "जरा चक्कर आली," ती म्हणाली.

दुपारी धाकटी जेवायला गेली. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर आलेले फोन नंबर राहतात, नवे आले की जुने खाली ढकलले जातात आणि शेवटी नाहीसे होतात. कालचा तो नंबर अजून तळाला होता. सकाळपासून थोरलीने तिकडे बघायचं टाळलं होतं. दर घंटेला तो एक पायरी खाली जातोय हे तिला माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, तो लवकर जावा असंही तिला वाटत होतं. आता आणखी एक-दोन फोन आले की संपलं. मग कुणी विचारलं तरी सांगता येईल की नंबर राहिला नाही. तिला स्वतःची इतकी भीती वाटली, की तिने घाईघाईने बटण दाबलं. पलीकडे घंटा वाजायला लागली. तिने ठरवलं, फक्त विचारायचं. आई कशी आहे, एवढंच. मराठीत. घंटा वाजत राहिली. कुणी उचलू नये, देवा, कुणी उचलू नये. उचलला. आधी घरातला आवाज आला. खूप माणसं होती त्या घरात, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी हळू आवाजात कुणाला तरी पाणी प्यायला सांगत होतं. मग एक पुरुषाचा आवाज, थकलेला: "हॅलो?" आणि थोरलीच्या तोंडून निघालं, "गुड आफ्टरनून. हाउ मे..." पुढचं तिने दातांखाली दाबलं. आवाजावरून इस्पितळ त्याला कळलं असावं. "आता कशाला?" तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधं म्हणाला, आणि फोन ठेवला. तेवढ्यात दुसरी घंटा वाजली. थोरलीने तो फोन घेतला, बिलाच्या खिडकीला जोडून दिला आणि पडद्याकडे पाहिलं. कालचा नंबर आता तिथे नव्हता.

वर्ग त्याच दिवशी, पाळी सुटल्यावर होता. मॅडमना सांगायचं, असं ठरवूनच ती जिना चढली. मॅडम, तो खरा होता. चारच शब्द. पण पायरीगणिक त्या शब्दांच्या मागे दुसरे शब्द उभे राहत होते. मग काय होईल? चादरींच्या खोलीत तरी ठेवतील का? पोलीस येतील? मुलीची फी, नवऱ्याचं दिवसभर खिडकीत बसणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी जेव्हा आठवून म्हणेल, आई, तू मला तेच करून दाखवलंस ना, ते रडणं? ती दारात पोचली तर मॅडमच पुढे आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "अहो, ऐकला मी तुमचा कॉल, रेकॉर्डिंगवर! काल मी नव्हते ना, म्हणून सकाळी लक्षात आलं नाही. वरच्या ऑफिसातून कुणीतरी केलेला दिसतोय. बाई काय रडलीय, अगदी खरी! आणि तुम्ही? हललासुद्धा नाहीत!" थोरलीने तोंड उघडलं. "मॅडम..." "आता लाजू नका. तुमचं पक्कं झालं समजा." आणि मॅडमनी तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. दार मागे लागलं आणि थोरली मूग गिळून बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त मारणारं कुणी दिसत नव्हतं.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. बाईचं बोलणं त्यांनी कापून टाकलं होतं, म्हणाल्या, आपल्याला उत्तरंच शिकायचीत. त्यामुळे थोरलीचा एकटीचा आवाज खोलीत घुमला. शांत, गोड, एकेक शब्द जागेवर. आय अंडरस्टँड युअर कन्सर्न. सगळा वर्ग तिच्या मागे म्हणाला. मे आय हॅव युअर ॲड्रेस, प्लीज. वर्ग म्हणाला. वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत काय होतं ते एकट्या थोरलीला ऐकू येत होतं, आणि तिला भीती वाटली की आता ती ओरडणार. पण ती ओरडली नाही. तिचे ओठ वर्गाबरोबर हलत होते. मग मॅडम म्हणाल्या, "आता नाटक करून बघू. धाकटी ऑपरेटर. आणि थोरल्या बाई, तुम्ही ती बाई व्हा. तिचं बोलणं तुम्हालाच माहितीये." दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. थोरली एकीवर बसली. तिच्या पाठीला धाकटीची पाठ लागली, गरम आणि ताठ.

"गुड आफ्टरनून," धाकटी म्हणाली, "हाउ मे आय हेल्प यू?"

थोरलीला इंग्रजीतलं वाक्य येत होतं, पण ते तिने म्हटलं नाही. "ताई," ती म्हणाली, "आई गेली."

मागे कुणीतरी हसलं. धाकटी म्हणाली, "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न."

"अहो, मी फोन केला होता. काल. श्वास घेता येत नाही म्हणून सांगितलं, ओठ निळे पडलेत म्हणून सांगितलं, पत्ता सांगितला. ती बाई मला नाव विचारत बसली हो. गाडी पाठवलीच नाही." आवाज फाटायला लागला तसा तिने तो आवरायचा प्रयत्न सोडून दिला. "हे खरं आहे. नाटक नाही हे. काल खरंच फोन आला होता आणि तिची आई गेली. ऐकताय ना? मराठीत सांगतेय मी, बाई!"

पाठीमागे धाकटीचा श्वास अडकलेला तिला जाणवला, आणि एका क्षणापुरतं तिला वाटलं की आता धाकटी वळेल, खांद्यावर हात ठेवेल, बोल गं म्हणेल. मग धाकटीने घसा साफ केला.

"मे आय हॅव युअर ॲड्रेस, प्लीज?"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. "बघा! जराही डगमगली नाही! आणि थोरल्या बाई, तुम्ही तर कमालच केलीत, माझ्या अंगावर काटा आला," असं म्हणून मॅडम फळा पुसायला वळल्या. थोरलीला उठता येईना. धाकटी खुर्चीला वळसा घालून तिच्यासमोर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने खाली वाकून थोरलीच्या कानाशी तोंड नेलं.

"मराठीत कशाला गं बोललीस?" ती कुजबुजली. "मी चुकले असते ना."